दुसरी किल्ली

हिवाळ्याच्या आरंभी, एका सोमवारी सकाळी, न्यायालयाच्या मागच्या अरुंद रस्त्यावरील कुलुपांच्या दुकानात आणि त्याच दुकानाच्या माडीवरील राहत्या घरात, शस्त्रपरवाना विभागाच्या तपासनीस बाई प्रत्यक्ष पाहणीसाठी हजर झाल्या. ही हकिगत तेथूनच सांगावयास हवी; कारण त्यापूर्वी त्या घरात सर्वांचे सर्व बाबतींत एकमत होते, निदान उस्तादांना तसे वाटत होते.

उस्ताद म्हणजे दुकानाचे मालक. हे नाव त्यांना रस्त्याने दिले होते आणि त्यांनी ते कधी नाकारले नव्हते. शहरात कोठेही दार अडले, तिजोरी रुसली, मोटारीची किल्ली मोटारीतच राहिली, की माणसे त्यांच्याकडे धाव घेत. न उघडलेले कुलूप पाहिले की त्यांच्या बोटांना चैन पडत नसे. घरात तर बंद दार ही वस्तूच त्यांना ठाऊक नव्हती. लेक लहान असताना एकदा न्हाणीघरात आतून कडी लावून अडकली होती. तिने रडायला तोंड उघडले, आणि ते मिटण्यापूर्वी बाप दारात उभा होता.

ती लेक आता मोठी झाली होती. चष्म्याच्या कारखान्यात भिंगे घासण्याचे तिचे काम. आणि कामाइतकाच जीव तिने नेमबाजीत गुंतवला होता. नेमबाजी मंडळाच्या रायफलीवर ती शिकली खरी, पण त्या रायफलीचा दस्ता तिच्या खांद्याला लांब पडे. दुसऱ्याच्या बुटांत पाय घालून शर्यत धावावी, तसे ते होते. वसंत ऋतूत संघाची निवड व्हायची होती आणि प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले होते की, स्वतःची रायफल असेल तरच नाव धरीन. रायफल विक्रेत्याकडे निवडून ठेवलेली होती. परवाना हातात पडला की ती घरी यायची. तोवर कपाट रिकामेच राहणार होते.

कपाट अर्थातच उस्तादांनी केले होते. जाड पोलादी पत्रा, भिंतीत आतून आवळलेले बोल्ट, आणि दाराला स्वतःच्या हातचे सात लिव्हरचे कुलूप. काडतुसांची पेटी समोरच्या भिंतीत, वेगळ्या कुलपाची.

तपासनीस बाईंनी कपाट दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले. ते हलले नाही. बिजागऱ्यांवरून बोट फिरवले.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

"चांगलं नाही, बिनचूक आहे," उस्तादांनी दुरुस्ती केली.

बाई लेकीकडे वळल्या. "रायफल हातात घेतल्यावर पहिलं काय करायचं?"

"नळी माणसाकडे नाही, बोट चापावर नाही. मग उघडून बघायचं की आत काही आहे का."

"रिकामी आहे हे माहीत असेल तर?"

"तरी उघडून बघायचं. माहीत असणं वेगळं, बघणं वेगळं."

"अहो, ही छत्रीसुद्धा टोक जमिनीकडे करूनच धरते," आईने मध्येच पुस्ती जोडली. "परवा दुकानातून झाडू आणला, तर तोही तसाच. लोक बघतात!"

बाई हसल्या. त्यांचा पुढचा प्रश्न अगदी साधा होता. "कपाटाच्या किल्ल्या किती?"

"एकच," लेक म्हणाली आणि गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेली किल्ली तिने काढून दाखवली. बाईंनी ती घेतली, मुठीत मिटली आणि आईला विचारले, "समजा, मुलगी कामावर गेली आहे, किल्ली तिच्यापाशी आहे, आणि मला हे कपाट आत्ता उघडून हवं आहे. तुम्ही काय कराल?"

ज्या बाईच्या घरून पाहुणा कधी रिकाम्या हाताने परतला नव्हता, तिला हा प्रश्न म्हणजे जणू पाण्याचा पेला मागितल्यासारखा वाटला. "एवढंच ना?" म्हणत ती स्वयंपाकघरात गेली, दारामागच्या फळीवरून एक कोरी करकरीत किल्ली घेऊन आली, कपाटात घालून फिरवली आणि दार सताड उघडून म्हणाली, "घ्या!"

आईच्या चेहऱ्यावरचे आतिथ्य मावळायला थोडा वेळ लागला. लेक बापाकडे पाहत होती.

"बाबा?"

येथे उस्तादांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसरी किल्ली कापण्याचा विचार त्यांनी केलेलाच नव्हता. ते काम त्यांच्या हाताने परस्पर केले होते. त्यांच्या धंद्याची शिकवणच तशी. एका किल्लीचे कुलूप मेजावरून उठू द्यायचे नाही. पहिली किल्ली कानशीखालून निघून गरम असतानाच दुसरी शिकंज्यात जायची. ती गिऱ्हाइकाची असेल तर गिऱ्हाइकाला द्यायची, घरची असेल तर फळीवर टांगायची. त्यांच्या बापाने हे त्यांच्या हातात इतके खोल मुरवले होते की पुढे डोक्याला विचारण्याची गरजच उरली नव्हती. लेक खोटे बोलली नव्हती. तिला जेवढी माहीत होती तेवढी तिने सांगितली होती. पण पाहणीच्या कागदावर हा फरक कसा दिसेल, हे तिच्या पडलेल्या चेहऱ्यावरून कोणालाही कळले असते.

उस्ताद मागे हटणाऱ्यांतले नव्हते. "मॅडम, मी एक विचारतो," ते सरसावून म्हणाले. "चोर आमच्या स्वयंपाकघरात येऊन, दारामागे वाकून, शंभर किल्ल्यांतून नेमकी हीच उचलणार का?"

"चोरासाठी भिंत आहे, पत्रा आहे, तुमचं कुलूप आहे. मी घरच्यांसाठी विचारते आहे."

"घरच्यांवर संशय?"

"संशय नाही." बाईंनी किल्ली लेकीला परत दिली. "मी ज्या घरांत उशिरा पोहोचले, त्या घरांत कुलूप फोडलेलं मला दिसलं नाही. किल्लीनं उघडलेलं दिसलं. कुणाचा तरी एक वाईट दिवस होता, आणि किल्ली कुठं टांगलेली असते हे त्याला माहीत होतं. बस, एवढंच."

मग उस्तादांना आपला मुद्दा पुन्हा सापडला.

"ठीक. ही किल्ली मी आत्ता तोडतो. मग झालं?"

"नियम असा आहे, की परवानाधारकाखेरीज घरातल्या कुणालाही कपाट उघडता येता कामा नये."

"मग?"

"'कुणालाही' यात तुम्हीही येता, उस्ताद."

हे नाव बाईंनी दुकानाच्या पाटीवर वाचले असावे. पण उस्तादांना ते त्या क्षणी टोमण्यासारखे लागले.

"फेरपाहणी एकदाच मिळते," जिना उतरताना बाई लेकीला म्हणाल्या. "त्यातही कुणी दुसऱ्यानं उघडलं, तर अर्ज नामंजूर. मग वर्षभर नवा अर्ज करता येत नाही."

लेकीने मान डोलावली. वर्षभर म्हणजे निवड गेली.

बाई गेल्यावर उस्तादांनी दुसरी किल्ली शिकंज्यात आवळली, करवतीने तिचे तुकडे केले आणि भंगाराच्या डब्यात टाकले. "हे घे. संपलं!"

"संपलं नाही, बाबा," लेक शांतपणे म्हणाली. "तुम्हाला कधी किल्ली लागली आहे? चला वर. उघडा."

त्यांनी नाही म्हणायला हवे होते. पण समोर बंद कुलूप, खिशात कुलपे उघडायच्या आकड्यांची कातडी गुंडाळी, आणि कोणीतरी 'उघडा' म्हटलेले! एक पट्टी ताणाला, एक आकडा लिव्हर उचलायला. डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी, दाराशी कान देऊन शेजारचे बोलणे ऐकणाऱ्या माणसासारखी. आईने ओतलेला चहा निवण्यापूर्वी दार उघडले.

"बघा," लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो त्यांना झोंबला.

त्यानंतरचे दिवस त्या घराने पूर्वी पाहिले नव्हते. उस्तादांनी प्रतिज्ञा केली, की आपल्यालाच उघडता येणार नाही असे कुलूप आपण करायचे. त्यांनी लिव्हर वाढवले, उघडले. जाडी बदलली, उघडले. किल्लीच्या वाटेत आडवी पट्टी घातली, आकडा शिरूच नये अशी; मग तिला चुकवणारा नवा आकडा वाकवला आणि उघडले. कुलूप करणारा हात आणि उघडणारा हात एकाच माणसाचा. पहिल्याने कोठे काय लपवले आहे, हे दुसऱ्याला न सांगताच ठाऊक असे. दर वेळी दार उघडे आणि दर वेळी ते कपाळाला हात लावून बसत.

"स्वतःच्याच घरात चोरी करायची, आणि ती साधली की तोंड पाडून बसायचं," आई म्हणाली. "असा चोर मी तरी पाहिला नव्हता बाई."

"तू फळीवरून किल्ली आणली नसतीस तर..."

"टांगली कुणी होती?"

उस्ताद पुन्हा कुलपाकडे वळले.

एका संध्याकाळी लेक कारखान्यातून आली, पिशवी ठेवली आणि मेजासमोर उभी राहिली. मेजावर उस्तादांचे सर्वांत नवे कुलूप उघडे पडले होते.

"बाबा, हे कुलूप मी करते."

उस्ताद हसले. मग ती हसत नाही हे पाहून थांबले. "तू? शाळेत असताना दोन उन्हाळे मेजावर बसलीस, तेवढ्यावर? कानस धरायचीस ती चमचा धरल्यासारखी. तुझ्या प्रत्येक लिव्हरच्या कडेला खाचा राहायच्या. किती वेळा सांगितलं होतं..."

"'खाच राहिली की ती हाताला खोटं सांगते.' आठवतं मला."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही केलेलं कुलूप तुम्हाला उघडणारच. म्हणून मी करते. तुम्ही बघायचं नाही."

उस्ताद बराच वेळ हातातला लिव्हर अंगठ्याखाली घासत राहिले. मग म्हणाले ते भलतेच होते. "आणि उद्या तुला काही झालं तर? तू आजारी पडलीस, बेशुद्ध पडलीस, तर ते कपाट कुणी उघडायचं?"

"विभागाची माणसं येतील, पत्रा कापतील. तसा नियम आहे."

"परकी माणसं येऊन माझ्या घरातलं कपाट कापणार, आणि मी बघत उभा राहणार?"

"हो."

"पण का?"

लेक त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. "कारण मला तिकडे नेम धरताना फक्त समोरचं दिसायला हवं. मागं घरात काय चाललं असेल, हे डोक्यात येता कामा नये. तुम्ही मला न्हाणीघरातून काढलंत, बाबा, ते मी विसरले नाही. पण या एका दाराच्या आत मी अडकलेली नाही. आत रायफल आहे. आणि वाईट दिवस तुमचाही येऊ शकतो, आईचाही. माझाही. माझ्यासाठी काडतुसांच्या पेटीला मी दुसरंही कुलूप लावणार आहे आणि त्याची किल्ली मंडळाच्या कचेरीत ठेवणार आहे, ठाऊक आहे? म्हणजे घरी रायफल असेल, पण मला एकटीला ती भरता यायची नाही. मी स्वतःलासुद्धा 'माहीत आहे' म्हणून सोडलेलं नाही."

असे काही आपली लेक ठरवून बसली असेल, हे उस्तादांच्या ध्यानीमनी नव्हते. वादात समोरच्याने आपल्याहून कडक अट स्वतःवरच लावून घेतली, तर मोठमोठे वाद घालणारेही खुंटतात. ते उठले, मेजावरचे आपले कुलूप उचलून खाली ठेवले आणि कानस पुसून तिच्या पुढ्यात सरकवली. "सरळ धर," एवढेच म्हणाले.

मग रोज संध्याकाळी माडीवरच्या मागच्या खोलीचे दार लागू लागले. उस्ताद बाहेर खुर्ची टाकून बसत. पाहायचे नाही असे ठरले होते. ऐकायचे नाही असे कोणी म्हटले नव्हते. कानस चालू लागली की त्यांची मान तिरकी होई.

"थांबलीस का? अजून मार! खाच राहिली आहे, मला इथवर ऐकू येते आहे!"

"राहू दे," आतून उत्तर येई.

"राहू दे? अगं, कुलूप आहे ते, खवणी नाही!"

"बाबा, खुर्ची खाली दुकानात न्या पाहू."

"न्या, न्या," आई म्हणे. "डोळे बांधले तर कान लावून बसलेत. आता कानांत बोळे घालू का?"

खुर्ची दुकानात गेली. पण दुकान बरोबर खाली होते आणि जमीन लाकडी होती, त्यामुळे उस्तादांचा छळ काही संपला नाही. आपल्या हातून निघाले असते असे काम लेकीच्या हातून वेगळेच निघते आहे, ते आपण दुरुस्त करायचे नाही, आणि त्याच कामावर तिचे वर्ष अवलंबून आहे, या तिन्ही गोष्टी एकदम सोसणे त्यांना आजवर कधी शिकावे लागले नव्हते. तरी ते वर गेले नाहीत. कुलूप दाराला बसल्यावरही त्यांनी त्याला बोट लावले नाही. लेक किल्ली गळ्यात घालून कामावर जाई. कपाट दिवसभर माडीवर उभे असे आणि खाली उस्ताद गिऱ्हाइकाच्या किल्लीवर दोनदोनदा चुकत.

फेरपाहणीच्या दिवशी तपासनीस बाई आल्या, त्यांनी कपाट पाहिले, पेटी पाहिली, काडतुसांच्या दुसऱ्या कुलपाच्या किल्लीबद्दल मंडळाने दिलेले पत्र पाहिले आणि त्यांची भुवई किंचित वर गेली. "हे आम्ही मागितलेलं नव्हतं."

"मला हवं होतं," लेक म्हणाली.

"कपाट कोण उघडू शकतं?"

"मी एकटी."

बाई आईकडे वळल्या. आईने दोन्ही हात पुढे करून रिकामे दाखवले. "माझ्याकडे काही नाही हो. फळीकडं तर मी बघतसुद्धा नाही." मग बाईंची नजर उस्तादांवर स्थिरावली. त्या काही विचारणार, तोच उस्ताद म्हणाले, "माझ्या शब्दावर जाऊ नका. मला हे उघडत नाही असं मी म्हणेन. बाप आहे, म्हणणारच. माहीत असणं वेगळं, बघणं वेगळं." आणि त्यांनी खिशातून कातडी गुंडाळी काढली.

लेकीने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. पण तीही म्हणाली, "मनापासून करा, बाबा. नाटक नको."

"नाटक मला येत नाही."

ते गुडघ्यांवर बसले. पट्टी ताणाला लागली, आकडा आत गेला, डोळे मिटले. पहिला लिव्हर उचलला आणि जागच्या जागी थांबला. दुसरा थांबला. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात ओळखीचे हसू उमटले. आईने पदर तोंडाशी धरला. तिसराही थांबला. मग अचानक काहीच खरे नव्हते. ताण सोडून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा; प्रत्येक लिव्हर बोटांना सांगे, आता मी जागेवर आलो; आणि तो आलेला नसे. जागोजाग खाचा होत्या. आकडा एकीत अडके, ती खरी वाटे. पुढचीत अडके, तीही खरी वाटे. एक कुलूप इतके खोटे बोलू शकते, हे त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

त्यांनी दुसरा आकडा घेतला. तिसरा घेतला. कपाळावर घाम आला. कोट काढून त्यांनी तो बायकोच्या हातात कोंबला. तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिले.

"पुरे आता, उस्ताद. माझी खात्री पटली."

"थांबा! सापडतंय मला. एक जरा..."

"अहो!" आई न राहवून ओरडली. "तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूनं?"

पण उस्ताद त्या क्षणी कोणाच्याच बाजूचे नव्हते. ते होते आणि कुलूप होते. त्यांना खरोखरच ते उघडायचे होते. सारे आयुष्य बोटांत उतरले होते. आणि लेक भिंतीला टेकून, ओठ दाबून, त्यांना एका शब्दानेही अडवीत नव्हती. आकडा आत फिरला, अडला, फिरला, पुन्हा अडला. त्यांनी डोळे उघडले. हातातल्या आकड्याकडे पाहिले. मग लेकीकडे.

"या खाचा," ते हळूच म्हणाले, "राहिल्या की ठेवल्यास?"

"तुम्हीच शिकवलं होतं ना, त्या हाताला खोटं सांगतात."

उस्तादांनी आकडे एकेक करून पुसले, कातड्यात आपापल्या जागी घातले, गुंडाळी बांधली आणि खिशात ठेवली. भिंतीचा आधार घेऊन उठले. कपाटाच्या दारावर, कुलपाच्या बरोबर वर, त्यांनी तळहात ठेवला. एखाद्या नव्या शिकाऊ उमेदवाराच्या पाठीवर ठेवावा तसा. तपासनीस बाई लेखणी उघडून वाट पाहत होत्या.

"लिहा," उस्ताद म्हणाले. "मला उघडत नाही."